हंपी पहिल्यांदा बघताना: फोटोंच्या आधी जोती वाचा

हंपीहून परतलेल्या बहुतेकांच्या मोबाईलमध्ये तेच चार फोटो सापडतात: दगडी रथ, कमळ महाल, हत्तीखाना आणि मातंग टेकडीवरचा सूर्योदय. फोटो झकास असतात. ‘बाकी काय पाहिलं?’ म्हटलं की मात्र उत्तर येतं, ‘बाकी काय, दगडच दगड. आणि ऊन.’ पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय ते त्या दगडांचं आणि त्या उन्हाचं काय करायचं, एवढ्यासाठी.

निघण्याआधी एवढं डोक्यात असू द्या

हंपी म्हणजे विजयनगरच्या राज्याची राजधानी. ती १३३६च्या सुमारास तुंगभद्रेच्या काठी उभी राहू लागली. हरिहर आणि बुक्क या भावांनी पाया घातला, कृष्णदेवरायाच्या कारकिर्दीत (१५०९ ते १५२९) राज्य भरभराटीच्या टोकाला पोचलं. त्या काळात आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीजाला हे शहर रोमएवढं मोठं वाटलं होतं. जानेवारी १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांशी झालेल्या तालिकोटच्या लढाईत राज्याचा कारभार हाकणारा रामराय मारला गेला, राजघराण्यातली मंडळी खजिना घेऊन पेनुकोंड्याकडे गेली आणि बेवारस झालेलं शहर पुढे कित्येक महिने लुटलं गेलं, जाळलं गेलं.

यातलं ‘जाळलं गेलं’ फार महत्त्वाचं. राजवाडे लाकडाचे होते. दगडाचं होतं ते जोतं. त्याच्यावर लाकडी खांब, लाकडी छत. आगीत वरचं सगळं गेलं, जोतं राहिलं. देवळं जोत्यापासून छतापर्यंत ग्रॅनाइटची, म्हणून ती उभी आहेत. त्यामुळे हंपीत आज देवांची घरं दिसतात, राजाचं घर दिसत नाही. हे एकदा कळलं की राजवाड्याच्या भागातल्या त्या रिकाम्या माळावर ‘इथे तर काहीच नाही’ असं वाटत नाही.

कधी जायचं, किती दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून पारा चढतो, एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो, आणि चहूबाजूंचे ग्रॅनाइटचे धोंडे दिवसभर तापून रात्रीही गरम वाफ सोडत राहतात. पावसाळ्यात तिथे पाऊस बेताचाच असतो आणि माळ हिरवे होतात, पण धरणातून पाणी सोडलं की नदीकाठची वाट आणि काही मंडप पाण्याखाली जातात, होड्या बंद होतात.

दिवस किमान दोन. गोव्याला जाता जाता एका दिवसात हंपी ‘करून टाकायचा’ बेत असेल तर सरळ रद्द करा. जागतिक वारसा म्हणून १९८६ मध्ये नोंदलेला हा परिसर चाळीस चौरस किलोमीटरहून मोठा आहे. एका दिवसात फक्त रिक्षातून उतरणं आणि पुन्हा चढणं होतं.

पोचणं आणि मुक्काम

हंपीला रेल्वे स्टेशन नाही, होसपेटला उतरायचं. तिथून हंपी साधारण तेरा किलोमीटर. सरकारी बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. कोल्हापूर, मिरज, बेळगाव या पट्ट्यातल्यांसाठी तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्स्प्रेस थेट होसपेटला थांबते. गाडीने यायचं तर हुबळी, गदग, कोप्पळ या मार्गाने, किंवा सोलापूरकडून विजयपूर, इलकल, कुष्टगी करत.

मुक्कामाला हंपी गाव, कमलापूर, होसपेट किंवा नदीपलीकडची आनेगुंदीची बाजू. पहिल्या खेपेला हंपी गाव किंवा कमलापूर बरं, कारण पहाटे पायी बाहेर पडता येतं. होसपेटला हॉटेलं जास्त आणि सोयीची आहेत, पण सकाळचा सोन्यासारखा अर्धा तास रस्त्यात जातो. हंपी गाव देवस्थानाचं आहे, तिथे मांसाहार आणि दारू मिळत नाही.

फिरायला सायकल, भाड्याची स्कूटर किंवा दिवसभराची रिक्षा. रिक्षा ठरवताना भाव नंतर करा, आधी यादी तुमची की त्याची हे ठरवा. त्याच्या यादीत प्रत्येक जागेला पंधरा मिनिटं असतात.

सोबत काय

टोपी, प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी, चांगल्या पकडीचे बूट आणि जाड मोजे. मोजे कशाला? देवळात चप्पल-बूट काढावे लागतात आणि अकरानंतर अंगणातली फरशी पाय ठेवू देत नाही. केळी किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात मिरवू नका, माकडं टपलेली असतात. छोटी विजेरी घ्या. मंडपांची छतं आणि गाभारे अंधारे असतात आणि मोबाईलचा उजेड वरपर्यंत पुरत नाही. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ड्रोनचं तर विचारूच नका.

पहिला दिवस, पहाट: हेमकूट आणि विरूपाक्ष

उजाडायच्या आत हेमकूट टेकडीवर चढा. चढ सोपा आहे, आजी-आजोबाही सावकाश जाऊ शकतात. वर पायऱ्या-पायऱ्यांच्या शिखरांची छोटी देवळं विखुरलेली आहेत, त्यातली काही विजयनगरच्याही आधीची. शिखरांचा आकार बघून कोणीतरी ‘ही जैन मंदिरं’ असं सांगेल. बहुतेक शंकराची आहेत.

इथेच पायाखाली बघायची सवय लावून घ्या. सपाट कातळावर चिंचोळ्या चौकोनी भोकांची सरळ ओळ दिसेल, दोन भोकांमध्ये जेमतेम वीतभर अंतर. पाथरवटांनी दगड फोडायला पाडलेली ही भोकं. त्यात पाचरी बसवायच्या आणि कातळ त्या ओळीवर उकलायचा. काही ठिकाणी धोंडा अर्धा उकललेला तसाच पडून आहे, उकललेल्या कडेला त्या भोकांचे अर्धे साचे दातांसारखे राहिलेत. देऊळ आणि खाण एकाच टेकडीवर, दहा पावलांच्या अंतराने. एकदा ही ओळ ओळखली की दोन दिवस ती सगळीकडे दिसत राहते.

टेकडीवरून खाली विरूपाक्षाचं देऊळ. इथे पूजाअर्चा आजही चालते, त्यामुळे हे ‘अवशेष’ म्हणून बघू नका. दर्शनाच्या वेळा, रांग, गर्दी सगळं एखाद्या नांदत्या क्षेत्रासारखं आहे. पूर्वेचं गोपुर सुमारे पन्नास मीटर उंच. आतला रंगमंडप कृष्णदेवरायाने राज्याभिषेकाच्या निमित्ताने १५१० मध्ये बांधवला, त्याच्या छतावर रंगीत चित्रं आहेत. मान दुखेपर्यंत बघा, हरिहर-बुक्कांचे गुरू मानले जाणाऱ्या विद्यारण्यस्वामींची पालखी शोधा. मग मागच्या बाजूच्या पायऱ्या चढून त्या अंधाऱ्या खोलीत जा, जिथे भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून गोपुराची उलटी छाया समोरच्या भिंतीवर पडते. गर्दीत लोक क्षणभर बघून सरकतात. तुम्ही डोळे अंधाराला सरावू द्या.

दुपार: कमलापूरचं संग्रहालय

हा टप्पा सगळे गाळतात किंवा शेवटी ठेवतात. माझं मत उलटं आहे: राजवाड्याचा भाग बघायच्या आधी इथे या, आणि तेही भर दुपारी, कारण सावली आहे. अंगणात हंपीच्या सगळ्या परिसराची मोठी प्रतिकृती मांडलेली आहे. तिच्याभोवती दोन फेऱ्या मारा. उत्तरेला नदी आणि देवळांचा पट्टा, दक्षिणेला राजवाड्यांचा भाग आणि मध्ये शेतीची हिरवी दरी. त्या दरीतल्या केळी-उसाला आजही विजयनगरच्या काळात काढलेल्या कालव्यांचं पाणी मिळतं. एवढं डोक्यात बसलं की रस्ता चुकला तरी दिशा चुकत नाही.

संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. बेत आखताना हे पहिल्यांदा तपासा.

तिकिटाचं इथेच सांगतो. संग्रहालय, जनानखान्याचा भाग (कमळ महाल तिथेच) आणि विठ्ठल मंदिर या तिन्हींना एकच तिकीट चालतं, भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट. पण ते त्याच दिवसापुरतं. म्हणून लोक एका दिवसात तिन्ही कोंबतात. तसं करू नका. दुसऱ्या दिवशी चाळीस रुपये पुन्हा पडतील, पडू द्या. बाकीच्या बहुतेक जागांना तिकीटच नाही.

पहिला दिवस, तीननंतर: राजवाड्यांचा भाग

कमळ महाल आणि हत्तीखाना आधी उरकून घ्या. ‘उरकून’ मुद्दाम म्हटलं, कारण दोन्ही देखण्या वास्तू पहिल्या नजरेतच कळतात. हत्तीखान्यात ओळीने अकरा दालनं आहेत, घुमटांचे आकार एकसारखे नाहीत. मधल्यापासून दोन्हीकडे जोड्या जुळतात का बघा. कमानी आणि घुमट सुलतानी वळणाचे, अंगावरची नक्षी इथली. तालिकोटची गोष्ट ‘हे विरुद्ध ते’ एवढीच ऐकलेल्यांनी या कमानीखाली जरा उभं राहावं.

खरा वेळ पुढच्या तीन जागांना द्या.

पहिली, हजारराम मंदिर. आकाराने लहान, राजघराण्याच्या खास वापरातलं. आवाराच्या भिंतीवर बाहेरून हत्ती, घोडे, सैनिक, नर्तकी अशी मिरवणूक थराथराने चालली आहे. आत देवळाच्या भिंतीवर रामायण आहे, एकावर एक तीन पट्ट्यांमध्ये. इथे वाटाड्याची गरज नाही, गोष्ट तुम्हाला पाठ आहे. एका बाणात सात ताड भेदणारा राम सापडला की जागा कळली. मागेपुढे सरकत आधीचं आणि नंतरचं लावत जा. मुलं बरोबर असतील तर त्यांना शोधायला लावा, तासभर आवाज येणार नाही.

दुसरी, महानवमी दिब्बा. तीन टप्प्यांचा प्रचंड चौथरा. नवरात्रात राजा इथे बसायचा, समोरून हत्ती, घोडे, मल्ल, नर्तकी जायच्या; पाइशने हा सोहळा डोळ्यांनी बघून लिहून ठेवला आहे. हीच दसऱ्याची परंपरा पुढे म्हैसूरच्या वोडेयरांनी चालवली. लोक धावत वर जातात, फोटो काढतात, उतरतात. वर काहीही नाही. लाकडी मंडप होता, तो गेला. बघायचं ते कडेला खाली आहे. चौथऱ्याच्या अंगावर शिकारी, नाच, आणि लगाम धरून घोडे आणणारे परदेशी वेशातले लोक कोरलेत. विजयनगरच्या फौजेला चांगले घोडे समुद्रापलीकडून आणावे लागत. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून येणाऱ्या त्या व्यापारावर राज्याचं बळ अवलंबून होतं. त्या घोडेवाल्यांची टोपी आणि अंगरखा जवळ जाऊन बघा.

तिसरी, पायऱ्यांची पुष्करणी. १९८०च्या दशकात उत्खननात वर आली, तोवर मातीखाली होती. काळसर दगडाच्या पायऱ्या इतक्या रेखीव की नवीन वाटते. पाण्याकडे न बघता एका दगडाकडे बघा: त्याच्यावर खुणा आणि अक्षरं खोदलेली दिसतील. कुठला दगड कोणत्या बाजूला, कोणत्या थरात बसवायचा याच्या त्या खुणा. सगळं आधी घडवून, खुणा करून, मग इथे जुळवलेलं. शेजारी दगडी खांबांवरून आलेली पन्हळ उभी आहे, पाणी तिच्यातून यायचं.

आता भोवतालची जोती. सूर्य कलला की त्यांच्या कडांच्या सावल्या लांब होतात आणि खोल्या, ओसऱ्या, पायऱ्या जमिनीवर आखल्यासारख्या दिसायला लागतात. जोत्यावर खांब रोवायच्या बैठका शोधा, दोन बैठकांमधलं अंतर पावलांनी मोजा. दालन केवढं होतं ते कळतं. जोत्याला किती टप्पे आहेत, कडेला नक्षी आहे की साधाच दगड, यावरून घर कोणाच्या मानाचं असावं याचाही अंदाज बांधता येतो. यासाठी दुपारी बारा ही सगळ्यात वाईट वेळ: सावली नसते, सगळं सपाट दिसतं.

दुसरा दिवस, सकाळ: नदीकाठाने विठ्ठल मंदिर

गाडीने गेलात तर अलीकडच्या तळावर थांबून विजेवरच्या छोट्या गाडीने जावं लागतं. त्यापेक्षा विरूपाक्षासमोरच्या बाजारपेठेपासून नदीकाठाने चालत जा, साधारण दोन किलोमीटर. वाटेत कोदंडराम मंदिर, सुग्रीवाची म्हणून दाखवतात ती गुहा, आणि शेवटी दोन खांबांची राजतुला लागते. पाण्यात उतरायचा मोह होईल. उतरू नका, खडकांमध्ये भोवरे आहेत आणि मगरीही.

विठ्ठल मंदिरात पोचल्यावर मराठी माणसाचं पाऊल जरा अडखळतंच. आपल्याकडची परंपरा सांगते की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत पंढरपूरला नेला. इतिहास म्हणून यावर वाद घालता येतो. गाभारा मात्र आज रिकामा आहे, आणि त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर हात जोडणारी आपली माणसं तिथे दिसतात.

दगडी रथ म्हणजे पन्नास रुपयांच्या नोटेवरचा. तो खरं म्हणजे गरुडाचं छोटं देऊळ आहे, रथाच्या आकाराचं, आणि एका दगडाचा नसून अनेक दगड जोडून केलेला. गर्दी समोरून फोटो काढते. तुम्ही बाजूला जाऊन हत्तींच्या मागे बघा. तिथे घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या शिल्लक आहेत. मुळात रथाला घोडे जुंपलेले होते, हत्ती नंतर आणून ठेवलेत. रथावर विटांचं शिखरही होतं. अलेक्झांडर ग्रीनलॉने १८५६ मध्ये काढलेल्या फोटोत ते दिसतं, नंतर ते उतरवलं गेलं. चाकं एके काळी फिरायची, लोकांनी फिरवून फिरवून झिजवू नयेत म्हणून ती पक्की केली आहेत.

इथल्या मंडपात थाप मारली की सूर निघतात ते ‘सारेगम’चे खांब वाजवून दाखवा म्हणून कोणाच्या मागे लागू नका. वाजवायला बंदी आहे आणि ती रास्त आहे. हंपीत खांब पाडून व्हिडिओ काढणाऱ्या तरुणांना २०१९ मध्ये कोर्टाने प्रत्येकी ७० हजार दंड केला आणि तेच खांब पुन्हा उभे करायला लावले.

वाटाडा घ्यायचा असेल तर इथे घ्या, परवानाधारक आहे ना ते ओळखपत्र बघून.

परतताना अच्युतरायाच्या देवळावरून या. आकाराने कुठेही कमी नाही, समोर रुंद बाजारपेठ गवतात पसरलेली, आणि माणूस जवळजवळ नाही. हंपीत पडक्या आवारात निवांत बसायचं असेल तर इथेच.

दुसरा दिवस, दुपारनंतर

दुपारी खोलीवर झोप काढा. मग कृष्ण मंदिर, ओरिसाच्या गजपतींकडून उदयगिरी जिंकल्यानंतर कृष्णदेवरायाने बांधवलेलं. तिथली बाळकृष्णाची मूर्ती आता चेन्नईच्या संग्रहालयात आहे. जवळच १५२८चा अखंड दगडातला नरसिंह, सुमारे पावणेसात मीटर. सगळे त्याला उग्र नरसिंह म्हणतात, पण त्याच्या मांडीवर लक्ष्मी होती. ती फोडली गेली. बाजूला सरकून बघितलंत तर तिचा हात अजून त्याच्या पाठीवर आहे. शेजारी पाण्यात उभं असलेलं बडवीलिंग हे शिवलिंग.

रस्त्यात सासिवेकाळू गणपती लागेल, त्याला मागून बघायला विसरू नका: पाठीमागे पार्वतीची आकृती आहे, म्हणजे बाळ आईच्या मांडीवर बसलंय.

सूर्यास्ताला मातंग टेकडी. चढ हेमकूटपेक्षा बराच कठीण, वरच्या भागात पायऱ्या मोडलेल्या. पहाटे अंधारात नवख्याने एकट्याने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. संध्याकाळीही उजेड असेपर्यंत खाली यायला निघा. गुडघे कुरकुरत असतील तर पुन्हा हेमकूटवर जा, काही बिघडत नाही.

तिसरा दिवस असेल तर

नदीपलीकडे आनेगुंदी, राजधानीच्याही आधीचं गाव. नदीला पाणी बेताचं असेल तर होडीने, नाहीतर पुलावरून वळसा घालून. मारुतीची अंजनाद्री टेकडी पलीकडेच, तिला पावणेसहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, सकाळी लवकर चढा; शनिवारी आणि मंगळवारी मारुतीच्या दर्शनाला झुंबड असते. पंपा सरोवर वाटेवरच.

तुंगभद्रा धरणाची बाग रिक्षावाले आग्रहाने सुचवतील. नाही पाहिली तरी चालेल. गाडी हाताशी असणाऱ्यांना परतीच्या वाटेवर बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे खुणावतात. ते चालुक्यांचं काम, हंपीच्या सातशे-आठशे वर्षं आधीचं, आणि दगडही वेगळा, तांबूस वालुकाश्म. त्याला निराळे दोन दिवस काढा, हंपीच्या शेपटाला बांधू नका.